राबत्याची काळी

मोशीच्या दोन चुलतभावांनी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून दोन मोटारी घेतल्या, आणि त्या दिवसापासून सोजराबाईला तोंडातला घास गोड लागेना.

पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहून दोनेक वर्षं झाली होती. तिथल्या वसाहतीला आणि खडकीच्या बंगल्यांना दूध लागे. मालोजी आणि हिंदुराव हे दोघं भाऊ इंद्रायणीकाठच्या हिरव्यावर म्हशी पोसून ते पुरवत. मालोजी थोरला, सोजराबाईचा नवरा. बोलणं तोलून आणि हसणं त्याहून तोलून. हिंदुराव धाकटा, हसला की नदीपल्याड ऐकू जावं. पुण्याच्या लष्कर भागातलं त्यांचं एक जुनं पारशी गिऱ्हाईक बिऱ्हाड मोडून विलायतेला लेकाकडे निघालं. त्याच्या पडवीत दोन मोटारी उभ्या होत्या. त्यानं दोघा भावांना बोलावून घेतलं, आणि मालोजी थोरला म्हणून पहिली निवड त्याला दिली.

इकडे मोशीच्या वेशीत सोजरा आणि तिची धाकटी जाऊ दुर्गा, दोघी ओवाळणीची ताटं घेऊन दुपारपासून उभ्या. पुण्याच्या अंगाला धूळ उठली. धुळीतून आधी एक तांबडी मोटार आली. नाक लांब, पाठ ठेंगणी, डोक्यावर छप्पर नाही, बसायला जागा दोघांचीच. उन्हात अशी झळकली की जणू कुणी जास्वंदीचं फूल वाऱ्यावर सोडलंय. सोजराचा जीव सुपाएवढा झाला. ती ताट घेऊन दोन पावलं पुढं झाली, आणि बघते तो चाकामागं हिंदुराव, दात काढून हसतोय.

"वहिनी, तुमची मागनं येतीय! दमानं येतीय!"

ती मागं सरली. दुर्गेनं तांबडीला ओवाळलं. मग बऱ्याच वेळानं दुसरी आली. काळी, उंच, चार दारांची, बंद पेटीसारखी. मालोजी खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "सोजरा, ही रोजच्या राबत्याची."

तिनं ओवाळलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला तो मात्र जरा जोरातच टाकला.

काळी दुसऱ्या दिवसापासूनच राबत्याला लागली. मागची गादी काढून तिथं दुधाच्या किटल्या उभ्या राहिल्या. मालोजीच्या, आणि हिंदुरावाच्यासुद्धा. कारण तांबडीत किटली ठेवायची कुठं? दोन्ही वेळचं दूध काळीतून जाई. कुणाची बाई अडली तर काळी. कुणाला पान लागलं, साप चावला, तर काळी. शाळेच्या मास्तरांचं बिऱ्हाड भोसरीहून आणायचं, काळी. पावसाळ्यात तांबडी तीन महिने गोठ्याशेजारच्या छपरात गोणपाट पांघरून बसली, आणि काळी चिखल तुडवत आळंदी-चाकण करत राहिली. कधी रुसली नाही, कधी रस्त्यात बसली नाही. गावानं मात्र तांबडीला नाव दिलं हरणी, आणि काळीला म्हैस.

आणि गाव बघे ते हरणीकडेच.

संध्याकाळी हिंदुराव दुर्गेला शेजारी बसवून नदीच्या पुलापर्यंत फेरी मारून येई. त्या आवाजासरशी सोजराच्या हातातली भाकरी परातीतच थबके. जात्यावर बसली तर ओवी आपोआप तिकडं वळे:

शेजीच्या गं दारी फुलली तांबडी जास्वंद,
माझ्या गं दारापाशी तिचा दरवळे सुगंध.

जास्वंदीला वास नसतो हे तिला का ठाऊक नव्हतं? पण तिला यायचा. पहाटे दळताना यायचा, शेण काढताना यायचा.

दुर्गा खवट असती तर बरं झालं असतं. खवट माणसावर जळताना निदान मन स्वच्छ राहतं. पण दुर्गा भोळी, हसरी, दिल्या-घेतल्याची. फेरीहून आली की केसांत वारा तसाच घेऊन सोजराच्या चुलीपाशी बसे.

"आक्का, एकदा बसा की. पुलापत्तुर जाऊन येऊ. पोटात कसं गुदगुल्या झाल्यागत हुतं बघा."

"नगं बाई. मला वाऱ्यानं डोस्कं दुखतं."

"मग डोस्क्याला बांधून बसा."

"चुलीवर दूध हाय दुर्गे, उतू जाईल."

दूध कधीच उतू गेलं नाही. दुसरंच काहीतरी आतल्या आत उतू जात होतं.

संक्रांत झाली. सुभद्राबाई ही मालोजीची थोरली बहीण, निघोज्याला दिलेली. तिनं हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं: मोशीच्या साऱ्या सुनांनी यायचं, आणि नाव घेतल्याशिवाय कुणाला वाण मिळायचं नाही. सुभद्राबाईच्या ओसरीवर नाव घेणं म्हणजे गंमत नव्हे. तिथं घेतलेला चांगला उखाणा कुरुळीपासून चाकणपर्यंत वर्षभर बायकांच्या तोंडी राही.

सोजरा आठ दिवस उखाणा जुळवत होती. दळताना एक ओळ जमे, धार काढताना दुसरी मोडे. तांबड्या रंगाला शब्द शोधावा लागत नाही. कुंकू म्हणा, पहाट म्हणा, डाळिंब म्हणा. काळ्याला काय म्हणायचं? कावळा, काजळी, तवा? पण एका सकाळी घरच्या काळ्या गाईची, कपिलेची धार काढताना फेसाकडं बघता बघता उखाणा ओठांवर आला:

काळ्या गाईचं दूध पांढरं, काळ्या मातीत मोत्याचं रान,
मालोजीरावांच्या काळ्या गाडीला साऱ्या मोशीचा मान.

तिनं तो तीनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा तिला तो खराच वाटला, आणि कितीतरी दिवसांनी ती गालात हसली. आज दुर्गेपुढं आपली काळी उभी करायची. सुभद्राबाईच्या ओसरीवर, चारचौघींत.

निघायच्या दिवशी काळीत किटल्या काढून गादी घातली. त्यात सोजरा, चुलतसासू छबूबाई, आणखी तिघी सुना, वाणाच्या दोन पाट्या आणि तिळगुळाचा डबा. कुणाची कोपरं कुणाच्या कुशीत. छबूबाईचं पाऊल पाटीत.

"म्हशीच्या पोटात पाच रेडकं," छबूबाई म्हणाली. साऱ्या हसल्या. मालोजीही आरशात बघून थोडंसं हसला. सोजरा हसली नाही. कारण पुलाच्या अलीकडेच मागून भोंगा वाजला आणि तांबडी सर्रकन पुढं गेली. दुर्गेचा पदर वाऱ्यावर असा उडाला की काळीच्या काचेला शिवून गेला. "आक्काऽ!" अशी हाक आली, आणि कुरुळीच्या वळणाला तांबडी दिसेनाशी झाली. मग राहिली फक्त तिची धूळ. ती खात खात काळी निघोज्याला पोचली.

सुभद्राबाईच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. बाप्ये बाहेर ओट्यावर बसले होते. उघड्या खिडकीतून आतलं सारं ऐकू येई, आणि ऐकू यावं म्हणूनच ते तिथं बसलेले असत. बायको नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही. वर्षातून एखाद्या वेळी ते असं गाण्यात गुंडाळून तिच्या ओठांवर येतं. कुठल्या नवऱ्याला ते ऐकायचं नसतं?

हळदीकुंकू लागलं. एकेक बाई नाव घेऊ लागली. दुर्गेची पाळी आली. वाऱ्यानं विस्कटलेले केस तिनं मुद्दाम नीट केले नव्हते. हात उडवून म्हणाली:

"तांबड्या माझ्या गाडीला न्हाई छप्पर न्हाई छत,
हिंदुरावांशेजारी बसले, वारा घालतो दंडवत!"

ओसरी दणाणली. "वा गं दुर्गे!" "पुन्यांदा म्हण!" ओट्यावरून हिंदुरावाचं हसणं आलं. सुभद्राबाईसारख्या करड्या बाईनंही दुर्गेच्या पाठीवर थाप दिली. दुर्गेनं पुन्हा म्हटलं. दोन पोरी तर पाठ करू लागल्या: हिंदुरावांशेजारी बसले, हिंदुरावांशेजारी बसले.

"सोजरा, आता तू," सुभद्राबाई म्हणाली.

सोजरा उभी राहिली. कानात अजून त्या पोरींची गुणगुण होती. समोर दुर्गेचे विस्कटलेले केस होते. तिनं गळा साफ केला.

"काळ्या गाईचं दूध पांढरं, काळ्या मातीत मोत्याचं रान..."

बायका पुढं सरसावल्या. ओळ चांगली होती हे त्यांना कळलं. बाहेर ओट्यावरही बोलणं थांबलं. सोजराचं काळीज भरून आलं आणि तिनं स्वर उंचावला:

"हिंदुरावांच्या..."

आणि तिथंच तिची वाचा बसली.

ओसरीवर बांगडी वाजली तरी ऐकू यावी इतकं शांत झालं. मग कुणीतरी पदराआड फिसकन हसलं. "अगं बया!" छबूबाईच्या तोंडून निघालं आणि तिनं आपलंच तोंड दाबलं. सोजरानं घाईघाईनं "मालोजीरावांच्या, मालोजीरावांच्या" असं दोनदा म्हटलं. पण पडलेलं दूध का हातानं किटलीत भरता येतं? सुभद्राबाईनं तिच्या ओटीत वाण टाकलं ते तिच्याकडं न बघता. आणि दुर्गा, भोळी दुर्गा, जी कधी कुणावर जळली नव्हती, ती सोजराकडं टक लावून बघत होती. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. बाई बाईकडं असं केव्हा बघते ते सोजराला चांगलं ठाऊक होतं. ती स्वतः वर्षभर दुर्गेकडं तसंच बघत आली होती.

बाहेर हिंदुरावाला ती शांतता सोसवेना. "ऐकलंस का दादा!" तो मोठ्यानं म्हणाला. "वहिनीनं आज आपली बदली केली!"

कुणी हसलं नाही. मालोजी उठला. "गाडीत पानी बघतो," म्हणाला आणि गेला. काळीला पाणी सकाळीच भरलेलं होतं.

परतीच्या वाटेवर काळीत पाच बाया बसल्या होत्या आणि पाचही मुक्या. मालोजीनं आरसा वर करून ठेवला होता. त्यात आता मागचं कुणी दिसत नव्हतं, नुसतं गाडीचं छत दिसत होतं. सोजराला वाटलं, दार उघडून रस्त्यावर उडी टाकावी. उद्या पाणवठ्यावर काय काय बोललं जाईल ते तिला पाठ होतं. पण ते बोलणं चार दिवसांचं. तिला भीती होती ती समोर बसलेल्या त्या मुक्या पाठीची. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडं अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

मोशीच्या वेशीत बाया उतरल्या. गादी काढली, संध्याकाळच्या दुधाच्या किटल्या चढल्या. मालोजी चाकामागं बसला, आणि बघतो तो सोजरा पुढच्या जागेवर येऊन बसलेली, मांडीवर वाणाची वाटी धरून.

"तू घरी गेली न्हाईस."

"न्हाई."

"दूध घालायला निघालोय म्या. पिंपरीला."

"ठाव हाय."

त्यानं गाडी सोडली. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती. ऊन कलतं झालं होतं. मैलभर किटल्याच काय त्या एकमेकींशी बोलत होत्या.

"एक इचारू?" मालोजी रस्त्याकडं बघत म्हणाला.

"इचारा."

"त्याच्या गाडीत बसायचं व्हतं तुला, का त्याच्या शेजारी?"

एवढ्या सरळ प्रश्नाची सोजरानं तयारी केली नव्हती. खरं सांगावं तर आपण किती हलक्या काळजाची हे उघडं पडणार. न सांगावं तर त्याहून भलतंच खरं ठरणार. तिनं वाटी घट्ट धरली.

"गाडीत," ती म्हणाली. "देवाशप्पत, गाडीत. त्यात शेजारी कोन हाय ते म्या कधी बघितलंच न्हाई. तिथं तुमालाच बसवत आले म्या, मनात. वरीस झालं. ती तांबडी वेशीत आली तवा तुमीच बसलाव असं वाटलं मला. मग तुमी या... यात आलाव."

"म्हशीत."

"म्या न्हाई कधी म्हैस म्हनले."

"तोंडानं न्हाई."

ती मग एकदम बोलत सुटली, बांध फुटल्यागत. "पावसाळ्यात ती छपरात हुती ना, तवा म्या जाऊन बसले तिच्यात. दोनदा. गोनपाट सारून. एकदा कोंबडी बसली हुती आत, तिला हुसकली आन् बसले. चाकाला हात लावला. आरशात बघितलं. भोंगा वाजवायचा हुता पन भ्याले. दुर्गा मला रोज म्हनती बसा, आन् म्या म्हनते डोस्कं दुखतं. जळते म्या तिच्यावर. तिच्या केसावर जळते, पदरावर जळते. आज तर उखान्यावर जळले आन् त्यातच तिच्या मालकाचं नाव तोंडात आलं. असली हाय म्या. काय म्हनायचं ते म्हना."

मालोजीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. त्यानं चाकावरचे हात काढले.

"पारशाच्या पडवीत," तो म्हणाला, "पयल्यांदा मी बसलो तांबडीत. थोरला म्हनून त्यानं मला चावी दिली. म्या ती चालू केली. सोजरा, छातीत नगारा वाजल्यागत वाजली बघ ती. हिंदुराव काळीच्या भवती फिरत हुता. त्याला काळी चालत हुती. त्याला काय, काय बी चालतं. म्या बसलो, बसलो, आन् मग आठवलं, दोन्ही घरच्या किटल्या. चुलतीचा दमा. तुमी समद्या बाया. उतरलो. त्याला म्हनलो, तू न्हानगा, तू घे ही."

"मग?"

"मग काय. रोज संध्याकाळी ती पुलाकडं जाती आन् मी गोठ्यात उभा राहून ऐकतो. गिअर चुकला तरी कळतो मला. त्यो चुकवतो बी." तो थांबला. "साऱ्या गावाची नजर तिच्यावर. मला वाटायचं, सोजरा एकटी बघत न्हाई. तेवढ्यावर माझं चाललं हुतं."

सोजरानं खाली बघितलं. वाटीतला तिळगूळ हाताच्या घामानं चिकट झाला होता. तिला कळलं की याला उखाण्यातल्या चुकीपेक्षा आपलं तांबडीकडं बघणं जास्त लागलं आहे, आणि त्यावर तिच्याजवळ कसलंच गाणं नाही. आठ दिवस जुळवलेल्या दोन ओळी तिनं मनात आणून पाहिल्या. त्या शिळ्या झाल्या होत्या.

ती त्याच्याकडं वळली. रस्ता मोकळा होता, ज्वारीत एक बुजगावणं सोडलं तर ऐकायला कुणी नव्हतं.

"मालोजी," ती म्हणाली.

तो दचकला. आईनंतर त्याला असं मायेनं कुणी म्हटलं नव्हतं. बायको तर नाहीच; कुणाचीच बायको म्हणत नाही.

"काय?"

"काय न्हाई. नाव घेतलं."

"उखाना कुठं हाय?"

"न्हाई उखाना."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन् राव कुठं गेला?"

"राव त्या तांबडीत बसून गेला," सोजरा म्हणाली. "मला नुसता मालोजी पुरं."

मालोजीच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं तोंड फिरवून काचेबाहेर बघितलं, पण कानशिलं लाल झालेली तिला दिसली. ती हसणार होती, तेवढ्यात मागून तो आवाज आला. दोघांनीही तो एकदमच ओळखला.

तांबडी होती. हिंदुराव रुसलेल्या बायकोला फिरवून मनवायला निघाला असावा. दुर्गा ताठ बसली होती, पदर दोन्ही हातांनी आवळून. आज "आक्का" अशी हाक आली नाही. काळीशेजारून जाताना तिनं मान दुसरीकडं वळवली. उद्या सोजराला दुर्गेच्या चुलीपाशी जावं लागेल, आणि तिलाही सगळं सांगावं लागेल, कोंबडीसकट. ते याहून अवघड जाईल.

पण गाडी! कलत्या उन्हात ती अशी गेली की पेटलेली वात कुणी वाऱ्यावर धरून पळावं. पुढं लांब चढ होता. आवाज न बदलता तिनं तो घेतला, आणि माथ्यावर क्षणभर चमकून पलीकडं उतरली.

दोघं बघत राहिली. धूळ खाली बसेपर्यंत.

"बघितलंस?" मालोजी म्हणाला.

"बघितलं."

"म्या बी."

"तुटलं पोटात?"

"तुटलं की."

त्यानं चावी फिरवली. काळी पहिल्या झटक्यात चालू झाली, रोजच्यासारखी.

"चल," तो म्हणाला, "दूध नासंल."